एका पत्रात दोन प्रश्न

शनिवारच्या ‘खाडीपार’मध्ये, चौथ्या पानावर डावीकडे, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीखाली उत्तर छापून आलं : ‘उ. म्हा., दिवा – चालेल. निःशंक मनाने अर्ज करावा.’

बस, एवढंच. काय चालेल, कुणाला चालेल, कशासाठी चालेल, काही पत्ता नाही. पण एवढ्या ओळीवर तानाजी म्हात्र्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली, अर्धा किलो पेढे मागवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पेपर दाखवायला सुरुवात केली. ‘उ. म्हा. म्हणजे आमचा उत्तम! पेपरात आला!’ वाचता येणाऱ्यांनी वाचलं, न येणाऱ्यांनी पेढा खाल्ला, आणि दुपारपर्यंत सगळ्या पाड्याला कळलं की तानाजीचा उत्तम बोटीवर इंजिनेर होणार, आणि तेही गणिताशिवाय.

तानाजीच्या पुतणीने, उत्तराने, पेढा घेतला. चुलत्याच्या घरचा पेढा, नाही कसा म्हणायचं? पण तो तिच्या तोंडात नुसता घोळत राहिला. कारण ती उत्तरा परशुराम म्हात्रे, राहणार दिवा. म्हणजे उ. म्हा. तीही होतीच की! आणि प्रश्न तिनेही विचारला होता.

आता हा घोळ झाला कसा ते नीट सांगायला हवं, नाहीतर तुमच्याही डोक्याचा भुगा व्हायचा. ‘खाडीपार’ हे डोंबिवलीहून निघणारं साप्ताहिक. त्यात मे-जून महिन्यांत ‘विचारा, सांगतो’ असं सदर यायचं. दहावी-बारावीच्या पोरांनी प्रवेशाबद्दल प्रश्न पाठवायचे, आणि प्राध्यापक भगवान टोकेकर उत्तरं द्यायचे. जागा वाचवायची म्हणून प्रश्न छापतच नसत, नुसती उत्तरं. वर विचारणाऱ्याचं नाव बाहेर फुटू नये म्हणून फक्त अक्षरं. ‘स. कु., आंबिवली – नाही. पुढील वर्षी पाहावे.’ ‘ज. पा., मुंब्रा – दोन्ही परीक्षा देता येतील, मात्र दोन्ही एकाच दिवशी आहेत.’ वाचणाऱ्याला ओ की ठो कळायचं नाही, पण विचारणाऱ्याला कळलं की झालं, असा संपादकांचा विचार असावा. बरं, ज्या गावात निम्मे म्हात्रे आणि उरलेले पाटील आणि भोईर, तिथे ही अक्षरं काय कामाची? पण हे डोंबिवलीत बसून कुणाच्या लक्षात येणार!

तीन आठवड्यांपूर्वी उत्तम आंतरदेशीय पत्र घेऊन आला होता. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान, अकरावी सायन्स कसाबसा पास झालेला. ‘ताई, तुझं अक्षर भारी आहे. माझा एक प्रश्न लिहून दे ना.’ तिने लिहिलं : ‘बारावीला गणित विषय सोडला तर चालेल का?’

‘कशाला सोडायचंय ते लिहू ना? बोटीचं?’

‘नको नको, लांबण नको लावू. ते लोक हुशार असतात, त्यांना कळतं.’

दोन बोटं जागा भरली, बाकी सगळं पत्र कोरं. कोरी जागा तशीच पाठवणं तिच्या जिवावर आलं. शिवाय तिच्याकडेही एक प्रश्न होता आणि तो महिनाभर तिला झोपू देत नव्हता. मग उत्तमच्या खाली तिने आपला लिहिला. सणासुदीच्या पंगतीला आधी उत्तमचं ताट, मग तिचं. तोच क्रम हाताला लागलेला. त्यात काही विचार करावा असं तिला वाटलंही नाही. शेवटी एकदाच सही केली, ‘उ. म्हा., दिवा’, आणि दोघंही हसली. एका पत्रात दोघांचं काम! पत्र टाकायला उत्तम गेला.

आणि आता उत्तर आलं होतं एकच.

उत्तराचा प्रश्न असा होता. मागच्या वर्षी मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा. फिजिक्स झालं, बायोलॉजी झालं, आणि केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. केमिस्ट्रीच्या पेपरला ती घरी पडून, झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानातून आणलेलं कुठलंतरी कडू पाणी पीत होती. ऑक्टोबरमध्ये तेवढा एक पेपर दिला, एकाहत्तर मार्क पडले. आयुष्यात ती नापास म्हणून झालेली नव्हती. पण तिच्याकडे मार्कलिस्ट दोन झाल्या, मार्चची एक, ऑक्टोबरची एक. आणि कोकणातल्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं, त्याच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ छापलेलं : ‘उमेदवार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय एकाच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला असावा.’ मग तिचा प्रयत्न एक धरायचा का दोन? जो पेपर दिलाच नाही, तो प्रयत्न केला म्हणायचा का?

कॉलेज होतं मासळीच्या शास्त्राचं. आधी प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांची पदवी. मावशी चंद्रभागा तिकडेच दिलेली, तिने फॉर्म पाठवला होता. उत्तराच्या आईने, भागीरथीने, ते ऐकलं तेव्हा हातातली कोयती खाली ठेवून ती हसत सुटली. ‘मासली शिकाला कालेज? अगो, सकाली माझ्यासंगती बाजारात ये, फुकट शिकवतंय तुला!’

पण उत्तराला मासे विकायचे नव्हते, मासे का मरतात ते कळून घ्यायचं होतं. चार-पाच वर्षं झाली, बाबा खाडीतून जे आणत त्याला औषधासारखा वास यायचा. बोयटं मासळी आणली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून टोपलीत टाकायचं. परशुराम टोपली हुंगायचा आणि काही न बोलता जाळं धुवायला जायचा. कुणीही विचारलं की एकच उत्तर, पाणी खराब झालं. काय खराब झालं, कसं झालं, कुणाला सांगता येत नव्हतं. ते सांगता येणारं माणूस आपण व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते तिने अजून कुणाला धड सांगितलंही नव्हतं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. कल्याणच्या एका डी.एड. कॉलेजात तिला प्रवेश मिळालेला. मिळालेला म्हणजे पहिल्या यादीत! दोन वर्षांत शाळेत मास्तरीण, कायमची नोकरी. भागीरथीने डोंबिवलीच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगून झालं होतं. पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला डी.एड. कॉलेजात जमा, आणि कोकणातल्या फॉर्मला तोच मूळ दाखला जोडायचा. झेरॉक्स चालणार नाही. दाखला काढला की डी.एड.ची जागा गेली, वेटिंगवालीला मिळाली. न काढावा तर फॉर्म गेला. काढावा आणि तिकडच्यांनी ‘तुमचे दोन प्रयत्न’ म्हणून हाकललं, तर दोन्ही गेलं आणि उरली आईची टोपली. दाखला परत मिळायची मुदत पुढच्या शनिवारी दुपारी दोनपर्यंत. कोकणातल्या फॉर्मची त्यानंतरच्या सोमवारी.

म्हणून तो एक शब्द. ‘चालेल.’ तो तिचा असेल तर दाखला काढायचा. उत्तमचा असेल तर नाही. आणि तो कुणाचा हे कुणी सांगेना!

तिने आधी सगळीकडे विचारून पाहिलं नव्हतं असं समजू नका. तिच्या जुन्या कॉलेजातल्या क्लार्कने सांगितलं, दोन्ही मार्कलिस्ट जोडा, काही होत नाही. क्लासच्या सरांनी सांगितलं, विसर, रिपीटर म्हणून टाकतात. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, कावीळ झाली होती त्याचं सर्टिफिकेट लाव. आणि डॉक्टर म्हणाला, वर्षापूर्वीचं सर्टिफिकेट आता कसं देऊ? तिने एस.टी.डी. बूथवरून त्या कॉलेजलाच तीनदा फोन लावला. एकदा कुणी उचलला नाही, एकदा साहेब जेवायला गेले होते, आणि तिसऱ्यांदा एक बाई म्हणाल्या, ‘असं फोनवर सांगता येत नाही, पत्राने विचारा.’ पत्र गेलं. त्याचं काय झालं देव जाणे. जितक्यांना विचारावं तितकी उत्तरं, आणि प्रत्येक जण असा खात्रीने सांगायचा की त्याच्यासमोर उभं असेपर्यंत तेच खरं वाटायचं.

रविवारी तिने उत्तमला विहिरीपाशी गाठलं. विहिरीत पाणी अजून झिरपून यायचं होतं, हंड्यांची रांग लागलेली.

‘उत्तम, ते उत्तर तुझं कशावरून?’

‘म्हणजे? माझा प्रश्न ‘चालेल का’ होता. उत्तर ‘चालेल’ आहे. अजून काय पाहिजे?’

‘माझ्याही प्रश्नाला ते बसतं. ‘निःशंक मनाने अर्ज करावा’ लिहिलंय. अर्ज मला करायचाय.’

‘मलापण करायचाय, विषय बदलायचा. लिहून पण ठेवलाय, उद्या देणार.’ तो गडबडला आणि हंडा उगाच या हातातून त्या हातात घेतला. ‘टेन्शन का घेतेस यार? तुझं तर डी.एड. झालंय.’

‘गणिताशिवाय कुणी इंजिनिअर होतं का रे? सरांना एवढं कळत नसेल? म्हणजे ते उत्तर तुझं असूच शकत नाही. माझंच आहे.’

हे बोलताना तिला एकदम हायसं वाटलं. बरोबर आहे की! आणि हंडा भरून घरी येईपर्यंत ते हायसं निघूनही गेलं. सरांना बोटीचं माहीतच कुठे होतं? तिनेच तर लिहिलं नव्हतं. मग उत्तर उत्तमचंही असू शकतं. संध्याकाळी तिने पेपर पुन्हा काढला आणि सदराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ तिला पहिल्यांदाच दिसली : ‘एका पत्रात एकच प्रश्न विचारावा.’ झालं! म्हणजे सरांनी एकच वाचला. पण कुठला? पहिला वाचला असेल तर उत्तमचा. पण पहिला अगदीच बाळबोध आहे म्हणून सोडून दुसऱ्याला उत्तर दिलं असेल तर? तिने दोन्ही बाजूंनी इतका विचार केला की शेवटी आपण नक्की कुठल्या बाजूने आहोत तेच तिला कळेना.

सोमवारी ती ‘खाडीपार’च्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने सांगितलं, टोकेकर सर लग्नाला अलिबागला गेलेत, शुक्रवारी रात्री येतील, शनिवारी सकाळी घरीच भेटा. मधले दिवस नुसते बसून कसे काढायचे? मंगळवारी ती ठाण्याला एका सरकारी कचेरीत गेली. तीन खिडक्या फिरून चौथीवर एक गृहस्थ भेटले. त्यांनी तिच्या दोन्ही मार्कलिस्ट उलट्यासुलट्या बघितल्या.

‘हे असं आधी विचारायचं नसतं,’ ते म्हणाले. ‘फॉर्म भरायचा. नाकारला तर समजायचं अपात्र.’

‘पण साहेब, नाकारला तर माझी दुसरी जागा गेलेली असेल.’

‘मग भरू नका.’

‘पण पात्र असले तर?’

‘मग भरा.’ आणि त्यांनी मार्कलिस्ट परत सरकवल्या. चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही तिचं मोठंच काम करून दिलं. उत्तराला हसावं का रडावं कळेना. ती खाली येऊन रसवंतीपाशी उभी राहिली आणि एक ग्लास रस घेऊन तो अर्धाच प्यायली.

घरी आईने नवी साडी आणून ठेवली होती, मोरपंखी, बारीक काठाची. ‘मास्तरनीला अशीच लागते ना?’ उत्तरा ‘हो’ म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी सकाळी आठलाच ती उत्तमच्या दारात उभी. ‘चल. सरांकडे.’

‘मी कशाला?’

‘पेढे तुझे वाटलेत ना? चल.’

तो आला. का आला हे त्याचं त्यालाच माहीत. काका ओट्यावर बसले होते आणि त्यांच्यासमोर नाही म्हणता आलं नसावं. वाटेत त्याने तीनदा विचारलं, ‘सर पत्रं ठेवतात का गं, की फाडून टाकतात?’ तिला वाटलं, याला स्वतःच्या उत्तराची काळजी.

टोकेकर सरांचं घर डोंबिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेर शिकवणीच्या पोरांच्या चपलांचा खच. सर पंचावन्नच्या घरातले, धोतर नेसलेले, अलिबागहून आल्यामुळे नाकाचा शेंडा भाजलेला. तिने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा गोंधळली, एकदा मार्चच्या ठिकाणी ऑक्टोबर म्हणाली. सर शांतपणे ऐकत होते.

‘एका पत्रात दोन प्रश्न?’ ते म्हणाले. ‘मला आठवत नाही बुवा. पण पाहू. मी पत्रं टाकत नाही.’ त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. आत पत्रांचे गठ्ठे, गावागावांचे वेगळे, प्रत्येकाला सुतळी. दिव्याचा गठ्ठा बोटाएवढा होता. ‘दिव्याहून फारसं कुणी लिहीत नाही… हं. हे बघा. उ. म्हा. ‘बारावीला गणित विषय सोडला तर चालेल का?’ दिलंय की उत्तर. चालेल.’

‘म्हणजे याचं.’

‘ज्याने विचारलं त्याचं. बारावी पास व्हायला गणित लागतंच असं नाही.’

‘पण याला बोटीवर इंजिनिअर व्हायचंय.’

‘बोटीवर?’ सरांनी चष्मा काढला. ‘अहो, मग गणिताशिवाय कसं चालेल! तसं लिहायला नको होतं का? मी काय मनकवडा आहे?’

एरवी तिला उत्तमची दया आली असती. पण तिचं लक्षच नव्हतं. ‘आणि सर, खालचा प्रश्न? तो का सोडलात?’

‘खाली प्रश्न कुठाय? खाली सगळं खोडलेलं आहे.’ आणि त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं.

वर तिचंच अक्षर, काळ्या शाईचं, वळणदार. त्याखाली तिच्या पाच ओळी होत्या, आणि त्या पाचही ओळींवरून निळ्या रिफिलने गिरवून गिरवून काट मारलेली. एकदा नाही, चार-चारदा. एका जागी कागद फाटून पलीकडचं दिसत होतं. अगदी शेवटचे ‘की दोन?’ एवढे दोनच शब्द काटेतून सुटले होते. तिने पत्र उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. तिला काही समजेना. सरांनी खोडलं? सरांनी कशाला खोडावं? मग तिने उत्तमकडे पाहिलं. उत्तम पंख्याकडे बघत होता, आणि पंखा बंद होता.

‘तू?’

‘पेपरात खाली लिहिलं होतं ना,’ तो पुटपुटला, ‘एका पत्रात एकच प्रश्न. दोन बघून त्यांनी पत्रच फेकलं असतं तर? मग माझं पण गेलं असतं.’

‘मग मला सांगायचंस. मी दुसरं पत्र टाकलं असतं.’

‘मला वाटलं, तुझं काय एवढं… तुला तर डी.एड. मिळालेलंच.’

‘आणि नंतर? पेढे वाटले तेव्हा? विहिरीवर विचारलं तेव्हा?’

उत्तराला एवढा राग आला की कानशिलं तापली. तीन आठवडे! तीन आठवडे ती एका उत्तराची वाट बघत होती आणि तिचा प्रश्न मुळी गेलाच नव्हता. एक आठवडा ती त्या ‘चालेल’ला उलटंसुलटं करून त्यात स्वतःला शोधत होती आणि हा बाजूला उभा राहून बघत होता. रागासोबत लाजही वाटली, कारण त्याचा प्रश्न आधी लिहिणारी तीच. तिला तिथेच त्याच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. सर होते म्हणून हात आवरला.

‘सर,’ ती म्हणाली, ‘मग मी आता विचारते. तोंडीच. माझा एक प्रयत्न धरतात की दोन?’

सरांनी कपाट उघडलं. माहितीपुस्तिका काढल्या, तीन वर्षांच्या. एक नियम वाचला, मग दुसरा. ‘नाव नोंदवलं म्हणजे प्रयत्न सुरू झाला,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘पण पेपर दिलाच नाही, म्हणजे त्या विषयात प्रयत्न झालाच नाही. तरी निकालावर गैरहजर असा शेरा येतोच. मग तो शेरा म्हणजे…’ ते थांबले. आतून त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, तो गार झाला. दहा वाजले, साडेदहा वाजले. शेवटी त्यांनी पुस्तिका मिटली.

‘मुली, मला माहीत नाही.’

तिला वाटलं होतं की हे ऐकून आपण रडू. पण उलटंच झालं. इतक्या दिवसांत ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा हा पहिलाच माणूस होता, आणि तिला त्यांच्याबद्दल एकदम बरं वाटलं.

‘मी कॉलेजला पत्र टाकतो. पण उत्तर यायला तीन आठवडे लागतील.’

‘माझ्याकडे साडेतीन तास आहेत.’

‘मग छापायचं असतं तर मी लिहिलं असतं, डी.एड. सोडू नये.’ त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ‘पण मी असं पुष्कळांना लिहिलंय. त्यांचं पुढे काय झालं ते कुणी कळवत नाही.’

कल्याणला डी.एड. कॉलेजच्या खिडकीशी ती पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. कारण एवढंच की ती आधी कॉलेजच्या फाटकाशी येऊन मागे फिरली होती, आणि मग पुन्हा आली होती. दोनदा. उत्तम चार पावलं मागून चालत होता. तिने त्याला ये म्हटलं नव्हतं आणि जाही म्हटलं नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर वेटिंग लिस्टवाल्या चौघी बसलेल्या. कुणी खिडकीकडे निघालं की चौघींच्या माना त्या बाजूला वळायच्या. उत्तराने पाटीवरची वेळ वाचली, मग पुन्हा वाचली. घरी टांगलेली मोरपंखी साडी तिच्या डोळ्यांसमोर आली, आईचं बाजारातलं बोलणं आठवलं, आणि बाबा टोपली हुंगून खाली ठेवतात ते. काय बरोबर, काय चूक, तिला खरंच कळत नव्हतं. कळेल अशी आशाही आता उरली नव्हती. पण एक गोष्ट तिला खुपत होती : आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी तिला उत्तर दिलं, त्यांच्यातल्या एकालाही ते द्यायचा अधिकार नव्हता. ज्यांना होता त्यांच्यापर्यंत तिचा प्रश्न एकदाही पोचला नव्हता. फोन नाही, पत्र नाही, पेपर नाही. आणि न पोचताच ती नकार घेऊन घरी चालली होती.

तिने अर्ज खिडकीतून आत सरकवला.

आतल्या कांता मॅडमनी तो वाचला. ‘प्रवेश रद्द? पहिल्या यादीतली आहेस ना तू?’

‘हो.’

‘दुसरीकडे मिळालंय का?’

‘नाही. अजून परीक्षासुद्धा नाही झाली. बसू देतील की नाही तेही माहीत नाही.’

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. ‘अगं, एकदा दाखला दिला की मी परत घेऊ शकत नाही. दोन वाजता यादी बंद. नक्की ना?’

‘नाही,’ उत्तरा म्हणाली. ‘नक्की काहीच नाही. द्या.’

रजिस्टरवर सही करताना ‘म्हात्रे’मधली रेघ खाली घसरली. दाखला हातात आला. जुनाच, घडीवर पिवळा पडलेला. तिने तो पिशवीत, भरून ठेवलेल्या फॉर्मजवळ, दोन मार्कलिस्टांच्या मध्ये ठेवला. मागून हाक झाली, ‘वेटिंग नंबर एक!’ आणि एक मुलगी इतक्या घाईने उठली की तिची चप्पल बाकाखालीच राहिली.

फाटकाबाहेर उत्तम उभा होता, रडवेला. ‘ताई, मी चुकलो. मी पण सोमवारी जाऊन गणित परत घेतो. पण तू हे काय केलंस? आता काय करणार?’

‘आता कोकणात जाणारी गाडी पकडणार. उद्या मावशीकडे राहीन. सोमवारी त्या कॉलेजची कचेरी उघडली की पहिली मी.’

‘आणि घरी?’

‘घरी तू जायचंस. आईला सांगायचंस मी कुठे गेले, आणि का. काय खोडलंस तेही सांगायचं. एक अक्षर गाळायचं नाही.’

त्याने मान हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘तिथं नाय बोल्ले तर?’

भीती तर उत्तरालाही वाटत होतीच.

‘तर नाही,’ ती म्हणाली. ‘पण माझं पूर्ण ऐकून, माझ्या तोंडावर नाही म्हणतील. ते मी घेऊन येईन घरी.’

आणि पिशवी छातीशी धरून ती एस.टी. स्टँडकडे निघाली.